पाटीवरचे ३१० आणि बाणाचा खरा वेग

२२ डिसेंबर २०२४, रविवार

मेव्हण्याने अमेरिकेहून आणलेलं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं बसवलेलं) आज पुतण्याच्या हातात दिलं. शिकारीसाठी बनवलेलं आहे, वापरलेलं आहे, पण कॅम, म्हणजे टोकांची ती चाकं, आणि दोरी ठीक आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. लातूरजवळ औसा रोडच्या आमच्या शेतामागच्या माळावर हरणं चरताना दिसतात, त्यांच्या दिशेला बाण लावायचासुद्धा नाही, ही पहिली अट. बाणांना निशाणाची बोथट टोकंच बसवली आहेत आणि बटच्या (निशाण लावायच्या जाड ठोकळ्याच्या) मागे मातीचा उंच बांध आहे.

लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पातीवर) बारीक पाटी आहे: आयबीओ वेग ३१० फूट प्रति सेकंद. आयबीओ ही धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संघटना. पोरगं त्यावरच खूश. "काका, तीनशे दहा! आमच्या ग्राउंडवर कुणाकडंच नाही एवढं." इंडियन राउंडच्या लाकडी धनुष्यावर हात बसवून तो आता कंपाउंडकडे वळला आहे. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडलाही जागा मिळावी, ही आशा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

पण ३१० हा आकडा त्याच्या बाणाचा नाही. आयबीओची चाचणी ठरलेली असते: ताण ७० पौंड, ओढ ३० इंच, बाण ३५० ग्रेनचा. धनुष्याधनुष्यांची तुलना करायला ती पद्धत चांगली आहे. पुतण्याची ओढ २८ इंच. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात कंपाउंडचा ताण ६० पौंडांपुढे चालत नाही, म्हणून लिंबचे बोल्ट सैल करून ताण खाली आणला. बाण सराफाच्या काट्यावर तोलून घेतले. एकेक बाण २७.२ ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रेन.

तिरंदाजांचा ठोकताळा लावून पाहिला. ओढ इंचाने कमी झाली की वेग सुमारे १० फुटांनी उतरतो, म्हणजे ३१० चे २९०. पौंडाला ५ ग्रेन या हिशेबाने ६० पौंडांना ३०० ग्रेनचा बाण धरायचा आणि त्यावरच्या दर ३ ग्रेनला १ फूट वजा करायचा. आपला बाण १२० ग्रेनने जड, म्हणून आणखी ४० गेले, उरले २५०. दोरीवरचा पीप (नेम धरायचं भोक) आणि डी-लूप (दोरी ओढायचा फास) यांचे चार-पाच फूट काढले की २४५ च्या आसपास येतो.

पाटीपासून ६५ फुटांचं अंतर पडलं, आणि हाही अजून अंदाजच. क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजायचं यंत्र, इथे कुणाकडे नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला क्रोनोग्राफवाचून अडू नये. दोन-तीन वेगळ्या वाटांनी मोजायचं आणि उत्तरं जुळली तरच आकडा खरा धरायचा, असं ठरवलं.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस (वेळ अमावास्या)

सगळं घर शेतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, गावातले पाहुणे. एवढी माणसं असताना बाण सोडायचा प्रश्नच नाही. पण बाण न सोडता होणारं एक काम हातावेगळं झालं: धनुष्यात किती ऊर्जा साठते ते मोजणं.

जाड फळीवर धनुष्य घट्ट बसवलं आणि दोरीला सामान तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा लावून हातविंचने इंचाइंचाने ओढलं. पाहुण्यांपैकी दोघं विंच फिरवायला, पुतण्या आकडे लिहायला. दोरी चुकूनही मोकळी सुटू द्यायची नाही. बाण नसताना कंपाउंड सुटलं तर सगळी ऊर्जा कॅम, लिंब आणि दोरीवरच येते, आणि धनुष्य फुटू शकतं.

ताण भराभर २७ किलोवर चढला, म्हणजे साडेएकोणसाठ पौंड. तो बराच वेळ तिथेच राहिला आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत ६ किलोवर उतरला. कंपाउंडची खरी करामत हीच. पूर्ण ओढल्यावर हातावर थोडंच वजन उरतं, म्हणून निशाण धरायला सवड मिळते.

ओढ आणि ताण यांचा आलेख काढून खालचं क्षेत्रफळ मोजलं. ओढताना ९५ जूल आले. तसंच हळूहळू सोडताना मोजले तर ८९. मधली तूट कॅमच्या धुऱ्या आणि केबलच्या घर्षणाची. मधला आकडा ९२ धरला.

धाकट्या चुलत्यांनी आंबिलीचा पेला हातात देत विचारलं, "एवढं कामून मोजायलाव? बाण लागला म्हंजे झालं की." त्यांना कागदावर दाखवलं. हे सगळे ९२ जूल बाणात गेले असते तर वेग ८२ मीटर प्रति सेकंद आला असता, म्हणजे २७० फूट. म्हणजे पुतण्याच्या ओढीला आणि या बाणाला हे धनुष्य ३१० देऊच शकत नाही, कारण तेवढी ऊर्जा त्यात भरलेलीच नाही. चुलत्यांना ते पटलं. शेतात किती पाणी आलं ते विहिरीत किती होतं त्यावरून कळतं, असं म्हणून ते जेवायला बसले.

५ जानेवारी २०२५, रविवार

आवाजाची पद्धत. धनुष्याचा आवाज आणि बटवर बाण बसल्याचा आवाज फोनवर एकत्र रेकॉर्ड करायचे आणि मधला वेळ मोजायचा. फोन सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, तेव्हा हजारांश सेकंद सहज वाचता येतो. व्हिडिओचा तेवढा उपयोग नाही. २४० चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये बाण दोन चित्रांच्या मध्ये ३० सेंटिमीटर सरकलेला असतो.

फोन धनुष्याजवळ ठेवला तर बटचा आवाज परत यायला लागणारा वेळ वजा करावा लागतो, आणि आवाजाचा वेग हवेच्या तपमानावर हलतो. त्यापेक्षा फोन बाजूला अशा जागी ठेवला की तिथून धनुष्य आणि बट दोन्ही दोरीने मोजून सारख्याच अंतरावर येतील. दोन्ही आवाजांना फोनपर्यंत सारखाच उशीर होतो आणि वजाबाकीत तो उडून जातो. तपमान बघायचीही गरज उरत नाही. बाणाच्या रेषेपासून फोन लांब राहतो, हा वेगळा फायदा.

पहाटे गेलो. वारा नव्हता. शेजारच्या बोअरची मोटार लाईट येईपर्यंत गप्प, तेवढ्यात काम उरकलं. मोटार सुरू झाली की तिची घरघर बटच्या आवाजाला गिळून टाकते.

२० मीटरवरची रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा धनुष्याच्या जागी एक नाही, दोन आवाज दिसले. आधी बारीकसा टिक, त्यानंतर सुमारे १४ हजारांश सेकंदांनी मोठा ठोका. टिक म्हणजे रिलीजचा (दोरी सोडायच्या हातातल्या खटक्याचा) जबडा उघडल्याचा. ठोका म्हणजे दोरी पुढे जाऊन स्टॉपरवर आदळल्याचा, आणि त्याच सुमाराला नॉक (बाणाच्या मागची खाच) दोरीवरून सुटतो. त्या मधल्या वेळात बाण अजून दोरीवरच वेग घेत असतो. मग बाणाचं घड्याळ ठोक्यापासून सुरू करायला हवं.

ठोक्यापासून बटपर्यंत ०.२७२५ सेकंद. २० मीटरला भागलं तर ७३.४ मीटर प्रति सेकंद येतात. पण २० मीटर आपण मोजले ते मुठीपासून. दोरी थांबते तेव्हा नॉक मुठीच्या मागे सात इंचांवर असतो आणि बाणाचं टोक मुठीच्या पुढे ५४ सेंटिमीटर गेलेलं असतं. टोकाने प्रत्यक्षात कापलेलं अंतर १९.४६ मीटर, आणि वेग ७१.४. कुणी टिकपासून मोजलं असतं तर ६९.८ आले असते. रेकॉर्डिंग एकच, पण त्यातून २२९, २३४ आणि २४१ फूट असे तिन्ही वेग निघू शकतात. कुणी नुसता वेगाचा आकडा सांगितला, तर तो कुठून कुठपर्यंत मोजला हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. पुतण्याला हे तिन्ही हिशेब स्वतःच्या वहीत करायला लावले.

१२ जानेवारी, रविवार

आजचं काम या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घड्याळ नेमकं कधी सुरू करायचं आणि बाणाचं टोक कुठे होतं, या दोन्ही गोष्टींत थोडी शंका राहतेच. पण तीच शंका २० मीटरला आहे आणि ५० मीटरलाही, जशीच्या तशी. म्हणून दोन्ही अंतरांवर वेळ मोजायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. सुरुवातीची शंका दोन्हीकडून निघून जाते, आणि हाती राहतो तो फक्त मधल्या ३० मीटरचा वेळ.

५० मीटरला बाण मारले. तेच बाण, तोच पुतण्या, तीच पहाटेची वेळ. फोन पुन्हा दोरीने मोजून दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. बाणाबाणातला फरक एक-दोन हजारांशांचा. सरासरी वेळ ०.७१०७ सेकंद.

०.७१०७ वजा ०.२७२५, म्हणजे ०.४३८२ सेकंद. ३० मीटरला त्याने भागलं की ६८.५ मीटर प्रति सेकंद.

पहिल्या टप्प्यात सरासरी ७१.४, पुढच्या टप्प्यात ६८.५. दोन टप्प्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून सुमारे २५ मीटरवर, आणि तेवढ्यात वेग २.९ ने उतरला. म्हणजे हवेतून जाताना बाण दर मीटरला साधारण १२ सेंटिमीटर प्रति सेकंद एवढा वेग गमावतो. मागे मोजत गेलं की सुटतानाचा वेग मिळतो: ७२.६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे २३८ फूट. पुढे मोजत गेलं की ५० मीटरवर बटला भिडतानाचा मिळतो: साधारण ६६.७, म्हणजे २१९ फूट.

बाणाला एकच वेग नसतो, हे आज पुतण्याने आकड्यात पाहिलं. पाटीवर लिहितात तो धनुष्यापाशी मोजलेला असतो, कारण तो सगळ्यांत मोठा. ५० मीटरवरच्या बटसाठी हिशेब करायचा तर वाटेत गळालेला वेगही हातात पाहिजे. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे, हवा किनाऱ्यापेक्षा विरळ, त्यामुळे ही गळती मुंबईत थोडी जास्त भरेल. दुसऱ्याच्या तक्त्यातून आकडा उचलण्यापेक्षा आपल्या मैदानावर मोजावा तो यासाठी.

ऊर्जेचा हिशेबही जमला. २७.२ ग्रॅमचा बाण ७२.६ ने गेला तर त्यात ७२ जूल. साठलेल्या ९२ पैकी ७८ टक्के बाणाला मिळाले. उरलेले दोरी, केबल, कॅम आणि लिंबांच्या हालचालीत आणि आवाजात गेले.

१५ जानेवारी, बुधवार, कर

"करीच्या दिवशी कामून नवं काढायलास?" म्हणून आईने टोकलं. काम जुनंच आहे, फक्त वाट वेगळी, असं सांगून शेतात आलो.

१७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायची लंबकाची रीत मांडली. गोळी लटकत्या जड ठोकळ्यात घुसते, ठोकळा झोका घेतो, झोक्यावरून गोळीचा संवेग कळतो. घड्याळ लागतच नाही. म्हणूनच मला ती हवी होती. आवाजाच्या पद्धतीत काही दोष दडला असेल तर तो या पद्धतीत शिरू शकत नाही.

पोत्यात जुनी लुगडी आणि चिंध्या ठासून भरल्या, वजन ९.६ किलो. चिंचेच्या आडव्या फांदीला दोन समांतर दोऱ्यांनी टांगलं. एकाच दोरीने टांगलं तर पोतं गिरकी घेतं. फांदीपासून पोत्याच्या मध्यापर्यंत २.२ मीटर. पोत्याच्या मागे स्टुलावर पुठ्ठ्याची हलकी पट्टी ठेवली. पोतं जेवढं मागे जाईल तेवढी ती सरकते आणि तिथेच राहते. मागे मातीचा बांध होताच.

१० मीटरवरून मारलेले बाण पोत्याच्या मध्यभागी लागले तेवढेच धरले. झोका ९५ मिलिमीटर, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. हिशेबाने पोत्याला मिळालेला वेग सेकंदाला २० सेंटिमीटर, आणि त्यावरून बाणाचा १० मीटरवरचा वेग ७१. वाटेत गळालेले सव्वा मीटर परत मिळवले की सुटतानाचा ७२.२. दोन मिलिमीटर म्हणजे दोन टक्के, तेव्हा दीड मीटर प्रति सेकंदाची सूट ठेवावी लागेल. आवाजाचे ७२.६ त्या सुटीत आरामात बसतात.

दोन वाटा, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि उत्तर एकच. आता २३८ वर माझा विश्वास आहे.

१९ जानेवारी, रविवार

२० मीटरची साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) तशीच ठेवून ४० मीटरवर मारून पाहिलं. वेग ३१० फूट असता तर बाण निशाणाच्या खाली ३७-३८ सेंटिमीटरवर लागला असता. लागला ७० च्या आसपास. पाटीचा आकडा इथला नाही हे कुणालाही नुसत्या टेपने दाखवायला ही पद्धत उत्तम. मात्र २३८ आणि २४५ मधला फरक इथे चार सेंटिमीटरचा, आणि पुतण्याचे बाणच त्याहून जास्त पसरतात. बारीक मोजणीला ती पुरी पडत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून दुपारी कागदकाम, संध्याकाळी वारा पडल्यावर बाण.

बाणाचं वजन बदललं तर वेग किती होईल, हे आधी सांगता यावं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉप्स्टेग यांनी १९४० च्या दशकात यासाठी एक सोपी कल्पना मांडली. दोरी आणि लिंब हलवण्यात जाणारी ऊर्जा म्हणजे जणू बाणालाच चिकटलेलं थोडं जादा वजन, असं समजायचं. एका धनुष्यासाठी ते वजन जवळपास कायम राहतं. आपल्या मोजणीतून ते सहज निघतं. ९२ जुलांनी ७२.६ चा वेग द्यायचा तर वजन ३४.९ ग्रॅम पाहिजे. बाण २७.२ चा, तेव्हा धनुष्याचं आभासी वजन ७.७ ग्रॅम.

१०० ग्रेनचं टोक काढून १७५ चं बसवलं. बाण झाला ४९५ ग्रेन, ३२.१ ग्रॅम. शाफ्ट (बाणाची दांडी) पुरेसा ताठ आहे, पुढचं वजन पेलतो. मारण्याआधी पुतण्याने वहीत लिहिलं: ६८.० मीटर प्रति सेकंद. मग पुन्हा २० आणि ५० मीटर, पुन्हा फोन. आले ६७.६, म्हणजे २२२ फूट. वहीतला आकडा आणि मैदानातला आकडा शेजारी शेजारी बसले तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि माझाही आनंद लपला नाही.

कानालाही फरक कळला. जड बाणाला धनुष्याचा ठोका मऊ येतो. बाणात ७३ जूल गेले, हलक्यापेक्षा जास्त, म्हणजे धनुष्याच्या अंगावर कमी उरले.

२ फेब्रुवारी, रविवार

दुकानदाराने पुतण्याला ३५० ग्रेनचे बाण सुचवले आहेत, "स्पीड वाढंल" म्हणून. स्पीड वाढेल हे खरं. आभासी वजनाच्या हिशेबाने ७७.८, म्हणजे २५५ फूट. पौंडाला ५ ग्रेनच्या खालीही जात नाही, तेव्हा धनुष्याला धोका नाही. प्रश्न आहे तो वाढलेला वेग ५० मीटरवर कशाला उपयोगी पडतो याचा.

शिकाऱ्याला तो उपयोगी असतो. सावज किती लांब आहे हे त्याला नेमकं ठाऊक नसतं. ४० मीटरच्या अंदाजात ३ मीटर चुकले तर २३८ च्या बाणाचा मारा साधारण १२ सेंटिमीटर वरखाली होतो, ३१० च्या बाणाचा ७. शिकारीच्या धनुष्यावर वेगाची पाटी लावतात त्याचं कारण हे आहे. आमच्या पोराचं बट मात्र टेपने मोजून ५० मीटरवर उभं असतं. अंतराची चूकच नाही, तर ती झाकायला वेग कशाला?

त्याला झगडायचं आहे आडव्या वाऱ्याशी. फेब्रुवारी सरला की इथे दुपारचा वारा सुटतो. आडव्या वाऱ्यात बाण किती सरकतो, हे तो हवेत किती वेळ होता यावर थेट ठरत नाही. हवेने त्याला किती उशीर केला, यावर ठरतं. निर्वात जागेत ५० मीटर जायला जो वेळ लागला असता तो प्रत्यक्ष वेळेतून वजा करायचा आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. ४२० ग्रेनच्या बाणाला ०.७११ सेकंद लागतात, वेग गळाला नसता तर ०.६८१ लागले असते. उशीर ०.०३ सेकंद. सेकंदाला ३ मीटरचा वारा असेल तर बाण ९ सेंटिमीटर सरकणार. ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मध्यावर धरलेला बाण दहाच्या पार बाहेर.

शाफ्ट आणि पंख तेच ठेवून तिन्ही बाणांचा हिशेब केला. ३५० ग्रेनचा २५५ फुटांनी जातो आणि सरकतो १० सेंटिमीटर. ४९५ चा २२२ फुटांनी जातो आणि सरकतो ८. सगळ्यांत हळू जाणारा बाण सगळ्यांत कमी वाहतो, कारण हलक्या बाणाचा वेग हवा लवकर खाते. फरक दोन सेंटिमीटरचा आहे. पण दहा आणि नऊच्या सीमेवर दोन सेंटिमीटर म्हणजे गुण.

पुतण्या बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मंग काका, जाडी कमी केली तर?" अगदी बरोबर प्रश्न. बारीक शाफ्टवर हवेचा रोध कमी, म्हणून ५० मीटरवाले बारीक आणि वजनदार बाण निवडतात. रोध किती कमी होतो ते आता आपल्याला दोन अंतरांच्या रीतीने मोजता येईल, दुकानदाराच्या तोंडावर जायची गरज नाही.

हलके बाण घेत नाही. तूर्त १७५ ग्रेनचीच टोकं ठेवली आहेत. साइटच्या अ‍ॅपमध्ये वेगाच्या रकान्यात २२२ भरले आणि ३० व ५० च्या खुणा छापून घेतल्या. ५० ची खूण मैदानावर केसभर खाली घ्यावी लागली, ३० ची जशीच्या तशी बसली. बारीक शाफ्टचे दोन नमुने एका खेळाडूकडून उसने मिळणार आहेत. ते आले की आधी सराफाकडे, मग २० आणि ५० मीटर.